आठवणींचे अडीच लाख

मोबाइलवरच्या जाहिरातीत हिरवी अँबॅसॅडर दिसली आणि कुमुदताईंचा चहा तसाच निवला. वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, फार वर्षांपूर्वी विकलेली गाडी हीच असावी, असं त्यांना वाटलं. अण्णा आता नव्वदीला टेकले होते; त्यांना एकदा तरी तिच्यातून फिरवायचं होतं. पण किंमत होती पाच लाख, आणि ओळखीच्या मेकॅनिकच्या मते गाडी अडीचाच्या वर जात नव्हती.

"अहो बाई," गाडी विकणारे दौलतराव मिशीवर हात फिरवत म्हणाले, "अडीच लाख लोखंडाचे, अडीच आठवणींचे! पहिल्यापासून आमच्याच घरची गाडी. लहानपणी मी याच मागच्या सीटवर बसून शाळेत जायचो."

कुमुदताई मागच्या सीटवर बसल्या. रेक्झिनचा तोच जुना वास आला. त्यांनी समोरच्या राखदाणीचं झाकण उघडलं आणि हसून दौलतरावांना जवळ बोलावलं. झाकणाच्या आतल्या बाजूला कर्कटकाने कोरलं होतं, 'कुमुद, सहावी ब'.

"यासाठी अण्णांनी माझा कान पिळला होता," त्या म्हणाल्या. "तेव्हा लोखंडाचे अडीच मी तुम्हाला देते, आठवणींचे अडीच तुम्ही मला द्या. फिटंफाट! आणा किल्ली."

दौलतरावांचा हात मिशीवरच राहिला. "ताई, नुसत्या लोखंडाचेच द्या," ते पुटपुटले.

रविवारी अण्णा मागच्या सीटवर बसले. त्यांनी झाकण उघडलं, डोळे बारीक करून वाचलं आणि शेजारी बसलेल्या, केस पिकलेल्या लेकीच्या कानाकडे हात नेला.