मुका माळ

खिंड उतरली की समोर कुसळी गवताचा जो पसारा दिसतो, तो मुका माळ. इथे बोलायला कुणाची मनाई नाही, पण हाक कुणी मारत नाही. मेंढरांचे कळप येतात तेव्हा मेंढके खिंडीतच म्होरक्या मेंढ्याच्या घंटेत गवत कोंबतात आणि गुमान पुढे चालू लागतात. मेंढरे पाठोपाठ जातात. माळ संपेपर्यंत खुरांचा तेवढा आवाज. नवख्या माणसाला वाटते, मयत चालली आहे.

याला कारण धुळा मेंढका, असे सांगतात.

धुळाच्या काळी माळावर लांडगे होते. कधीमधी कोकरू नेत. धुळा शिव्या देई, काठी घेऊन धावे, पण त्यापलीकडे जात नसे. रोगट मेंढरू आपल्याआधी लांडग्याला कळते, तो ते उचलतो म्हणून बाकीची जगतात, असे तो म्हणे.

मग जहागीरदाराच्या लाडक्या घोडीचे शिंगरू लांडग्यांनी फाडले. जहागीरदाराने शिकारी पाठवले. माळावर एकही लांडगा उरता कामा नये, असा हुकूम होता. शिकाऱ्यांनी बिळांच्या तोंडाशी धूर केला आणि काठ्या घेऊन ते बाहेर उभे राहिले. उन्हाळाभर माळ धुमसत होता. कोकरे गमावलेल्या मेंढक्यांनी आपण होऊन बिळे दाखवली. धुळा एकटा शिकाऱ्यांच्या नाइकाच्या पाया पडायला गेला. एखादी जोडी तरी ठेवा म्हणाला.

नाईक हसला. "लांडगा मेंढरं तुझीच खातो, आन् त्याच्यासाठी रडतोस बी तूच?"

धुळाकडे याचे उत्तर होते. ते ऐकायला नाईक थांबला नाही.

शेवटच्या बिळातले एक पिल्लू धुरातून निसटले आणि धुळाच्या वाघरीत, म्हणजे मेंढरांभोवती लावतात त्या जाळीत, येऊन अडकले. पाय लटपटत होते, डोळ्यांतून पाणी गळत होते. धुळाने ते घोंगडीत घेतले. पण लपवावे कुठे? लांडग्याचा वास आला की मेंढरे एका कोपऱ्यात दाटतात. ते पाहून शिकाऱ्यांना लगेच कळले असते.

त्याच सकाळी एका मेंढीचे कोकरू मेले होते. अशा वेळी मेलेल्याचे कातडे एखाद्या पोरक्या कोकराला घालतात. मेंढी वासाला भुलते आणि त्याला पाजते. धुळाने ते कातडे लांडग्याच्या पिल्लाला घातले.

त्याची बायको हिराई म्हणाली, "आवं, उद्या ह्या लांडगीचंबी दूध काढायचा इचार हाय का?" तोंड करता करताच पोटाखालची गाठ तिने बांधून दिली.

शिकारी आले, कळपातून फिरले. मेंढी पिल्लाला पाजत उभी होती आणि बाकीची मेंढरे रवंथ करीत होती. ते निघून गेले.

पिल्लू मादी होते. ते कोकरांतच वाढले. दिवस कलला की धुळा उंचवट्यावर उभा राहून हाक मारी, "ह्योऽ, येऽ येऽ!" कोकरे धावत येत आणि त्यांच्यामागे तीही येई. मोठी झाल्यावर धुळाने तिला माळात सोडली. ती सशा-उंदरांवर जगू लागली. पण हाक ऐकली की गवतातून निघून लांबवर उभी राही, आणि कळप जाळीत गेला की परत फिरे.

"तिला तुमचा आवाज इसरू द्या," हिराई म्हणायची.

धुळा हो म्हणून मान हलवी. दुसऱ्या दिवशी कळप जवळच असे, तरी त्याची हाक लांब जाई.

कुणीतरी ते पाहिले. नाईक परत आला, आणि धुळाला त्याचा पत्ताही नव्हता. एका सकाळी ओढ्याकडून त्याला आपलीच हाक ऐकू आली, दुसऱ्याच्या गळ्यातून. तो धावत सुटला. गवताची एक रेघ हलत हलत ओढ्याकडे चालली होती. तिला हाकलावे, तर धुळाच्या आवाजाने तिला कधी जा म्हटलेच नव्हते. निदान आपल्याकडे वळावी म्हणून त्याने जीव खाऊन हाक मारली.

दोन्हीकडून एकच हाक. खरी कुठली ते बघायला ती गवतातून मान काढून उभी राहिली. बंदुकीचा बार झाला.

"गवतात घावत नव्हती," नाईक धुळाला म्हणाला. "तू उभी केलीस, बरं झालं."

धुळाने तिला जुन्या कातड्यावर ठेवून माळावरच पुरले. त्यानंतर त्या माळावर त्याने कधी हाक मारली नाही, असे म्हणतात. आधी बाकीचे मेंढके हसले. पुढे कळपांत रोग शिरला. एक मेंढरू खोकू लागले की सगळा कळप खोकू लागे, आणि त्या पहिल्याला उचलून नेणारे आता कुणी नव्हते. तेव्हा तेही धुळामागून मुक्याने चालू लागले. फार उशीर झाला होता.

पुन्हा या माळावर लांडगा दिसला नाही. हाक ऐकून फसेल असे कुणी उरलेले नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे. तरी आजही इथे कोकरू चुकले तर हाक मारत नाहीत, गवतात पायी हुडकतात. कधी सापडते, कधी सापडत नाही. नाही सापडले तर ते तिथेच ओरडत राहते, आणि त्याला न्यायला कुणी येत नाही.