गोजराक्का आणि झोपलेलं झाड

एक होता राजा. त्याच्याकडं सगळं होतं, म्हणून त्याला जे नाही तेच हवं असायचं. पाय पांघरुणात घ्या. मध्ये विचारायचं नाही.

एकदा काय झालं, लांब बर्फाच्या मुलखातून एक व्यापारी आला. त्यानं राजाला गोल, तपकिरी दाणे दिले. कवच कडक, फोडलं की आत गोड गर. त्या फळाला म्हणतात फिंदक. तुमच्या महागाच्या चॉकलेटात अख्खा दाणा दाताखाली येतो ना, तोच, बरं का. राजानं एक खाल्ला, दुसरा खाल्ला, आणि म्हणाला, "याचं झाड मला पाहिजे." मग व्यापाऱ्यानं तीन रोपं आणून दिली.

राजानं रोपांसाठी चांदीच्या कुंड्या घडवून घेतल्या. वर हत्ती, घोडे, मोर. मग दवंडी पिटली, हे देवाचं झाड आहे. झालं! तुळशीला घालतात तसं सगळ्या जणी पाणी घालायला लागल्या. राणी आंघोळ करून आली की तांब्याभर पाणी. राजाची आई आली की तांब्याभर पाणी. प्रधानाची बायको, सेनापतीची बायको, दासी, ज्या बाईला पुण्य हवं तिचा एक तांब्या. वर हळद, कुंकू, दूध. पहिलं रोप पिवळं पडलं आणि गेलं. दुसरं काळं पडलं आणि गेलं.

राजा चिडला. पाणी ओतणाऱ्यांना कोण बोलणार? माळ्याला धरलं. त्याचं नाव दौलू. घरी बायको, दोन लहान मुली. राजा म्हणाला, "तिसरं रोप जगलं तर सुटशील. मेलं तर राज्याबाहेर. परत तोंड दाखवायचं नाही." आणि त्याला कोंडून ठेवला. आता कोंडलेला माणूस झाड कसं सांभाळणार? ते राजाला कुणी विचारलं नाही.

विचारलं फक्त दौलूच्या थोरल्या बहिणीनं. तिचं नाव गोजरा. गाव तिला गोजराक्का म्हणायचा. हाडापेरानं मजबूत, आणि आवाज असा की अंगणातून हाक मारली की ओढ्यापलीकडची म्हैस मान वर करायची. ती दरबारात गेली. वाकली नाही.

"महाराज, माळी कोंडलात. झाड कोण बघणार?"

"मग तू बघ," राजा म्हणाला.

"बघते. पण माझ्या अंगणात. आणि मध्ये कुणी बोलायचं नाही."

राजाला असं बोललेलं ऐकायची सवय नव्हती. तो म्हणाला, "गुढीपाडव्याला मी येईन. पालवी दिसली नाही तर तुझा भाऊ गेला."

"पाडव्यालाच या," ती म्हणाली आणि चालू लागली.

मग दोन शिपायांनी कुंडी तिच्या अंगणात आणून ठेवली. गोजराक्कानं मातीत बोट घातलं. बोट चिखलात गेलं. नासका वास आला. तिनं कुंडी कलती करून बुड बघितलं. बुडाला भोकच नाही! चांदीला भोक कोण पाडणार? ती आत गेली. खिळा आणला, वरवंटा आणला.

एक शिपाई ओरडला, "अहो बाई, राजाची चांदी आहे ती!"

"चांदी राजाची. आत बुडतोय तो माझा भाऊ."

ठाण! ठाण! ठाण! पडली भोकं. काळं पाणी भळाभळा वाहून गेलं. आणि काय नवल, रोप बोललं! हळूच म्हणालं, "हुश्श. पाय मोकळे झाले, अक्का." दोन्ही शिपाई पळाले. गोजराक्का नाही पळाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकाशी बायका उभ्या. प्रत्येकीच्या हातात तांब्या. सगळ्यांच्या पुढं शेजारची सारजाबाई.

"गोजराक्का, एवढं तांब्याभर घालू दे ग. सुनेला दिवस गेलेत माझ्या."

"मग तो तांब्या सुनेला पाज, सारजे. तिला तहान असेल. याला नाही."

मागच्या बायका फिदीफिदी हसल्या. सारजाबाईचा चेहरा उतरला. "देवाच्या झाडाला अडवतेस? पाप लागेल."

"लागू दे. माझं मी फेडीन. माती वर सुकली की मी घालते पाणी. बाकी कुणी नाही." आणि ती केरसुणी घेऊन फाटकातच बसली. मग बायका गेल्या. जाताना बोलायचं ते बोलल्या. गोजराक्कानं ऐकलं आणि बसून राहिली.

मग रोपाला पानं फुटली. रुंद, मऊ लव असलेली, कडेला करवतीचे दात. ऊन चढलं की गोजराक्का कुंडी भिंतीच्या सावलीला ढकलायची. रोप तिच्या कमरेएवढं झालं.

मग दिवाळी झाली आणि पानं पिवळी पडली. एक गळलं, दुसरं गळलं. बघता बघता सगळी गळली. नुसत्या काड्या उरल्या. गाव म्हणाला, गेलं. सारजाबाई गोधडी घेऊन आली. मनानं वाईट नव्हती ती. म्हणाली, "गारठलं असेल ग. आत घे, चुलीपाशी." गोजराक्कालाही तसंच वाटलं. तिनं सारजाबाईचं ऐकलं. कुंडी आत घेतली, गोधडी गुंडाळली, चूल पेटवली.

रोप कण्हलं. "अक्का, मला झोप आलीय. पण इथं उकडतंय. आई आल्याशिवाय मला झोप लागत नाही."

"कोण रे तुझी आई?"

"थंडी."

आता थंडी कशी असते, ते ऐका. पांढरे केस टाचेपर्यंत. पहाटे डोंगर उतरून येते. आणि ती आली की सगळे दारं लावतात, शेकोटी करतात, तिला शिव्या देतात. सगळ्या मुलखात तिला एक दार उघडं नाही. गोजराक्कानं चूल विझवली. गोधडी सोडली. कुंडी अंगणात नेली, फाटक सताड उघडलं, आणि डोंगराकडं तोंड करून ओरडली, "थंडीबाई, ये ग! तुझं लेकरू इथं आहे!"

थंडी आली. हौदातल्या पाण्यावर साय धरली. गोजराक्काचे दात वाजायला लागले. ती घोंगडी घेऊन पायरीवर बसली, पण फाटक लावलं नाही. थंडीनं उघड्या फांद्यांवरून हात फिरवला. रोप झोपलं. मग थंडी रोज पहाटे यायची आणि गोजराक्का रोज फाटक उघडायची.

पण प्रधानानं राजाच्या कानात सांगितलं, झाड मेलं. राजा पाडव्याला थांबला नाही. संक्रांत झाली आणि एका पहाटे सगळा लवाजमा घेऊन आला. बरोबर कुऱ्हाडवाला.

"मेलं," राजा म्हणाला.

"झोपलंय," गोजराक्का म्हणाली.

"पान कुठं आहे एक तरी?"

"झोपताना तुम्ही मुकुट घालता का, महाराज?"

शिपायांनी तोंडं फिरवली. खांदे हलत होते. राजा लाल झाला. "उचल कुऱ्हाड!"

गोजराक्कानं कुंडीला दोन्ही हातांनी मिठी मारली. "उचल. पण आधी माझ्यावर घाल. महाराज, शब्द पाडव्याचा होता. पाडवा यायचाय. झाडाची पानं गळाली ते मी बघितलं. राजाचा शब्द गळालेला आजच बघते."

कुऱ्हाडवाल्यानं कुऱ्हाड खाली ठेवली. म्हणाला, "महाराज, मारायचं तर मला मारा. झोपलेल्यावर मी घाव घालणार नाही."

तेवढ्यात थंडी आली. फाटकातून सरळ आत. प्रधान कुडकुडत पालखीत शिरला. राजा मात्र जागचा हलला नाही, हे त्याच्या बाजूनं सांगायला हवं. थंडीनं रोपाच्या कपाळावरून बोटं फिरवली. आणि उघड्या काड्यांवर फुलांचे पिवळे गोंडे लोंबायला लागले! घोड्याच्या झुलीला असतात तसे. एकेका काडीवर. पान एक नाही, आणि गोंडे झुलतायत.

राजानं एक गोंडा बोटानं हलवून बघितला. मग हळू आवाजात म्हणाला, "पाडव्याला येतो."

पाडवा आला. पालवी फुटली. राजानं दौलूला स्वतःच्या हातानं मोकळा केला. मुली बापाच्या गळ्यात पडल्या. पावसाळा सरता सरता झाडाला फळं धरली. हिरवी झालर लावलेलं टोपडं घातलेली, तान्ह्या बाळासारखी. राजा म्हणाला, "गोजराबाई, आता झाड राजवाड्यात पाठवा."

"नाही," ती म्हणाली. "तिथं त्याला कुणी झोपू देत नाही. दाणे हवेत तर इथं या. पायरीवर बसा. आणि हळू बोला."

राजा आला, बरं का. दर वर्षी आला, पायरीवर बसला, आणि हळू बोलला. दौलू घरच्यांत सुखात राहिला, गोजराक्का सुखात राहिली, झाडही राहिलं.

संपली. दिवा मालवतो. डोळे मिटा. मी दाराशी बसलोय. तुम्हाला उठवायला कुणी आलं तर त्याची माझ्याशी गाठ आहे.