पाठमोरं कपेल

ब्रागांझांच्या काजूबागेतलं कपेल, म्हणजे छोटं प्रार्थनामंदिर, गावाकडे पाठ करून उभं आहे. दार असं उलट्या बाजूला का, हे पाहुणे विचारतातच. मग गावातला म्हातारा इनासकाका काठी टेकून म्हणतो, "दार जागेर आसा. पाठ मुद्दाम केलेली आसा."

बागेची मालकीण रुजाय विधवा झाली, त्याच वर्षी गावच्या इगर्जीतला, म्हणजे चर्चमधला, तिचा पुढचा बाक गेला, असं सांगतात. घेतला बोस्त्यांवने. इगर्जीतलं गाणं त्याच्या गळ्यावर चाले, आणि तोरा त्याहून वरच्या पट्टीत. सगळ्यांदेखत तो म्हणाला, "बायलमनशेक पुढचो बाक कित्याक?"

रुजायच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने आपल्याच खाणीतले चिरे काढून बागेत सांत आंतोनचं कपेल बांधलं. बोस्त्यांवचं तोंड आतल्या संतसायबालाही दिसू नये म्हणून गावाकडच्या भिंतीला साधी खिडकीसुद्धा ठेवली नाही. बाई हट्टी खरी, पण तो अपमान मीही गिळला नसता, असं काका म्हणतो.

वर्षभराने तिची एकुलती लेक तापाने फणफणली. रुजायने सायबाला नवस केला, पोर उठली तर तुझ्या सणाला अख्खी लदीन गाऊन घेईन. लदीन म्हणजे संतांची नावं घेत गायची लॅटिन प्रार्थना. पोर उठली. तेव्हा कुठे बाईच्या ध्यानात आलं, अख्खी लदीन येते ती एकट्या बोस्त्यांवला! नवस चुकला तर पोरीवर उलटेल, या भीतीने तिला अन्न गोड लागेना. तरी बोलावणं धाडायला जीभ वळली नाही.

पण नवसाची गोष्ट गावभर झाली होती. सणाच्या सकाळी बोस्त्यांव आपणहून आला. दाराकडे गेला नाही. भिंतीमागे उभा राहून ओरडला, "नवस सायबाचो आसा, तुझो न्हय! तुझ्या दारात मी पाय ठेवूचंय नाय!" आणि त्याने लदीन उचलली. आतून रुजाय दात खाऊन एकेका नावाला 'ओरा प्रो नोबिस', म्हणजे 'आमच्यासाठी प्रार्थना कर', म्हणत राहिली. दोघांनी शेवटपर्यंत एकमेकांचं तोंड पाहिलं नाही.

रीतीप्रमाणे तिने उकडलेले चणे बाहेर पाठवले. त्याने ते तिथेच कोंबड्यांना टाकले.

आजही सणाला गाववाले भिंतीमागून गातात, ब्रागांझा आतून साथ देतात. चणे कोंबड्याच खातात. लदीन मात्र एकाही वर्षी चुकलेली नाही.