पांढरा पॅन आणि पाण्याचा शिंतोडा

भांड्यांना वाचा होती तेव्हाची गोष्ट. शैलाकाकूंनी घावनांसाठी पांढराशुभ्र सिरॅमिकचा पॅन आणला आणि बिडाचा जुना तवा ओट्याखाली ढकलला. तव्याच्या अंगाची लाही लाही झाली. "जन्मभर चटके सोसले मी, आणि मान या गोऱ्यागोमट्या पाहुण्याला! बघतोच किती दिवस मिरवतो ते."

दुसऱ्या सकाळी काकूंनी गॅस मोठा करून रिकामा पॅन तापवला आणि सवयीने त्यावर पाण्याचा शिंतोडा मारला.

"काकू, मला मंद आच लागते हो," पॅन कळवळला. "आणि उलथनं लाकडी घ्या."

"तू मला शिकवणार? तुझ्या जन्माआधीपासून घावनं घालतेय मी!" काकूंनी लोखंडी उलथनं खरखरा चालवलं.

रोज हेच. महिनाभरात पॅन ओरखड्यांनी भरला, घावनं चिकटू लागली. "मेल्याने फसवलं!" म्हणत काकूंनी तो तव्याशेजारी आदळला.

"जिरली ना?" तवा खिदळला.

"माझी काय जिरायची?" पॅन उसळला. "मोठी आच, शिंतोडा, लोखंडी उलथनं, सगळं तुझ्यावर चालायचं ते माझ्यावर चालवलं. भांडं नवं आणलं, हात जुनाच ठेवला!"

तव्याचं हसू विझलं.

संध्याकाळी काकूंनी बाजारातून दुसरा पॅन आणला, हिरवा. गॅस भडकला.

"अहो काकू, तो माझ्यासारखा नाही!" तवा जिवाच्या आकांताने ओरडला.

"गप्प बस, काळतोंड्या!"

वर चर्र झालं.

त्या दिवसापासून भांड्यांनी माणसांशी बोलणं टाकलं. आता आदळली की तेवढी वाजतात.