दोर वळणाऱ्यांच्या गावची शाळा

एका गावात एक शाळा होती, आणि ती शाळा गावातल्या कुणालाच नीट कळत नव्हती.

गाव दोर वळणाऱ्यांचं होतं. अंबाडी नदीत भिजत घालायची, तिच्या सालीचा वाख काढून वाळवायचा आणि गावाबाहेरच्या लांब मोकळ्या पट्टीवर दोर वळायचा. एका टोकाला एकजण लाकडी फिरकीने पीळ देई, दुसऱ्या टोकाला दुसरा दोर ताणून धरी. पीळ देणारा मनातल्या मनात पीळ मोजत असे. मधेच कुणी बोललं की मोजणी चुके, आणि मोजणी चुकली की दोर कुठे घट्ट, कुठे सैल. त्यामुळे पोर चालायला लागलं की त्याला पहिली गोष्ट शिकवत, ती ही: मोठ्यांनी विचारल्याशिवाय तोंड उघडायचं नाही.

नियम पट्टीवरचा होता. पण त्याला पाय फुटले आणि तो चालत चालत घरात आला. दारी पाहुणा आला आणि त्याने पोराला विचारलं, "काय रे, नाव काय तुझं?" की पोर शेजारी बसलेल्या मोठ्या माणसाकडे बघे आणि ते मोठं माणूस सांगे, "धोंडू नाव हाय त्याचं." "बोरं आवडतात का रे?" "लई आवडत्यात त्याला." पोराने नुसतं उभं राहायचं. घरचं मोठं माणूस शेजारी असताना पोराने बाहेरच्याला उत्तर देणं म्हणजे घरच्यांची लाज काढणं, असं सगळ्यांना वाटे. असं का वाटतं, हे कुणी विचारलं नव्हतं. विचारणार कोण? पोरं तर गप्पच.

अशा गावात शाळा सुरू झाली. एकच खोली, एकच फळा आणि एकच गुरुजी. गुरुजी नदीपलीकडच्या गावचे. सकाळी नावेने यायचे, संध्याकाळी नावेने जायचे. गावाच्या नियमाची त्यांना काहीच कल्पना नव्हती, आणि शाळेत ती येण्याचं कारणही नव्हतं. तिथे घरचं मोठं माणूस शेजारी नसे. गुरुजी विचारत आणि पोरं उत्तरं देत. अशी देत, की एकाचं संपायच्या आत दुसऱ्याचं सुरू होई आणि गुरुजींना कानांवर हात ठेवावे लागत.

त्या पोरांत ठकू नावाची एक मुलगी होती. ती सगळ्यांत जास्त बोलायची. पाढे म्हणायची, धडे वाचायची आणि वाचलेल्या गोष्टीचा शेवट आवडला नाही तर स्वतःचा शेवट लावून सांगायची. गुरुजी म्हणत, "ठकू, जरा श्वास घे गं."

ही ठकू आबांची नात. आबा म्हणजे गावातले सगळ्यांत जुने कारागीर. त्यांनी मान हलवली की गावाचं ठरलं. शाळा सुटली की ठकू पट्टीवर जाई आणि दोराचं टोक धरून उभी राही. पलीकडे आबा पीळ देत. आज वाघाचा धडा झाला, सांगू का, असं तिच्या ओठांपर्यंत येई आणि तिथूनच परत जाई. आबा मनात म्हणत, पोरगी गुणाची आहे, चकार शब्द बोलत नाही. आणि मग म्हणत, शाळेत मात्र काही होत नसणार. काही होत असतं तर बोलली नसती का?

पोरीचं तोंड आपणच बंद केलंय, हे त्या भल्या माणसाच्या ध्यानातच येत नसे. असं करणारे आबा एकटेच नव्हते. घरोघरी हेच चालू होतं.

एकदा लांबच्या बंदरावरून दोरांचं मोठं काम आलं. हात कमी पडायला लागले. गाव पारावर जमलं. कुणी म्हणालं, "पोरं शाळंत नुसती बसून येत्यात. त्यापरीस टोक धरत्याल." सगळ्यांनी आबांकडे पाहिलं. आबा विचारी होते. ते म्हणाले, "आधी शाळंत जाऊन बघू. पोरांना काय येत असंल तर ऱ्हाऊ दे शाळा. न्हाय तर मग कायमचीच पट्टी."

गुरुजींना हे कळलं तेव्हा त्यांना आनंदच झाला. त्यांना वाटलं, आपल्या पोरांची काय काळजी! त्यांनी खोली झाडून घेतली, दारात रांगोळी काढवून घेतली आणि पाहुण्यांना मोठ्या कौतुकाने सांगितलं, "या, या. ज्याने त्याने आपापल्या लेकराशेजारी बसा."

झालं. इथेच सगळं बिघडलं.

"ठकू, तूच सांग पहिल्यांदा," गुरुजी म्हणाले. "सात पाचे किती?"

ठकूला उत्तर ठाऊक होतं. पण विचारणारे गुरुजी होते आणि शेजारी आबा बसले होते. तिने आबांकडे पाहिलं. आता उत्तर आबांनी द्यायचं.

आबांनाही तसंच वाटलं. पोरगी आपल्याकडे बघते आहे, म्हणजे प्रश्न आपल्याला आहे. त्यांना पीळ मोजता येत होते, पण पाढे कधी कुणी शिकवले नव्हते. त्यांनी घसा साफ केला, मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "सात पाचे व्हय... आता ते कसलं माप धरताय त्याच्यावर हाय बघा."

गुरुजींना वाटलं, आबा थट्टा करताहेत. ते हसले. दुसरं कुणीच हसलं नाही. मग त्यांनी धोंडूला उठवलं. "धोंडू, फळ्यावर काय लिहिलंय वाच बघू."

धोंडूने आईकडे पाहिलं. आईने फळ्याकडे पाहिलं. तिला अक्षर येत नव्हतं. ती लाजून लालबुंद झाली, पदर सारखा केला आणि म्हणाली, "चांगलं लिव्हलंय की. लई चांगलं लिव्हलंय."

"अहो, तुम्ही नाही, धोंडूने सांगायचंय."

धोंडूची आई गोंधळली. मी इथे बसलेली असताना हा कसा सांगणार, असं तिच्या मनात आलं. पण भर वर्गात गुरुजींना उलट कसं बोलायचं? ती गप्प राहिली. धोंडूही गप्प राहिला. गुरुजींनी तिसऱ्याला विचारलं, चौथीला विचारलं. जो तो आपल्या शेजारच्या मोठ्या माणसाकडे बघे आणि ते मोठं माणूस छताकडे बघे. काल याच खोलीत कान किटले होते, आणि आज खडू खाली पडला असता तरी त्याचा आवाज आला असता. आपली शाळा चुकली की गाव चुकलं, हेच गुरुजींना कळेना.

बाहेर पडताना माणसं तणतणत होती. "पोरांना शिकीवलं काय न्हाय, आन् वर आमालाच बोलवून आमची परीक्षा घेतोय!" आबांनी नुसती मान हलवली. येत्या बाजारापासून पोरं पट्टीवर.

दुसऱ्या दिवशी गुरुजी उतरलेल्या चेहऱ्याने वर्गात आले. "सात पाचे?" त्यांनी सहज विचारून पाहिलं. "पस्तीस!" सगळा वर्ग ओरडला. फळ्यावरचं वाक्य धोंडूने तर न अडखळता वाचलं.

"अरे, मग काल काय झालं होतं तुम्हाला?" गुरुजींनी विचारलं.

पोरांना प्रश्नच कळला नाही. काल काय झालं होतं? काहीच नाही. शेवटी ठकू म्हणाली, "गुरुजी, तुमी पाव्हणं ना. काल उत्तर आबांनी द्यायचं हुतं."

"आणि तुला द्यायचं असेल तर?"

"मग आबांनी इचाराय पायजे."

"आबा विचारतात का कधी काही?"

ठकूने बराच वेळ आठवून पाहिलं. "जेवलीस का, असं इचारत्यात," ती म्हणाली. आणि मग एकदम रडायलाच लागली. "गुरुजी, मला पट्टीवर जायचं न्हाय. म्हंजे जायचंय, पर शाळा सुटल्यावर. हे मी आबांना सांगू कसं?"

गुरुजींच्या डोक्यात आता कुठे उजेड पडला. त्यांनी शाळा तशीच सोडली आणि पट्टी गाठली. आबा पीळ देत होते. गुरुजी आज शहाणे झाले होते. दोर पुरा होईपर्यंत ते बाजूला उभे राहिले, एक अक्षर बोलले नाहीत. आबांना ते आवडलं.

"आबा," दोर झाल्यावर गुरुजी म्हणाले, "बाजारापासून पोरं घेऊन जा. मी अडवणार नाही. पण त्याआधी एकदा शाळेत या आणि तुमच्या नातीला एक प्रश्न विचारा. तुम्ही स्वतः विचारा. मी बोलणार नाही."

आबा चमकले. "म्या? मला काय येतंय शाळंतलं इचारायला?"

"मला ठाऊक असतं ते तर मी रोजच विचारतो, आबा. तुम्ही तुम्हाला जे ठाऊक नाही ते विचारा."

आबांना काही ते पटलं नाही. घरी गेले तरी डोक्यात तेच. ठाऊक नसलेलं विचारायचं म्हणजे काय? मोठ्या माणसाने असं करायचं असतं का? आणि पोरीलाही आलं नाही तर चारचौघांत दोघांचीही शोभा. जेवताना त्यांनी ठकूकडे दोनतीनदा पाहिलं. ठकू खाली मान घालून भाकरी खात होती. तिला विचारावंसं वाटत होतं, आबा, काय झालं? पण ते विचारणंही नियमात बसत नव्हतं.

बाजाराच्या आदल्या दिवशी आबांनी अखेर मान हलवली आणि गाव पुन्हा शाळेत जमलं. गुरुजी कोपऱ्यात बसले. आबा ठकूसमोर बसले. आबांनी फळ्याकडे पाहिलं, पाटीकडे पाहिलं. काय विचारावं, काही सुचेना. लोक कुजबुजायला लागले. मग आबांनी सगळा मान-पान गुंडाळून ठेवला आणि मनात होतं तेच विचारलं.

"ठके, तू हितं दिसभर काय करतीस गं?"

ठकूने एकदा आजूबाजूला पाहिलं. विचारणारे आबा होते. उत्तर तिचंच होतं.

आणि मग ती जी सुरू झाली! सात पाचे पस्तीस सांगितलं, सातचा सगळा पाढा सांगितला. वाघाचा धडा सांगितला, पुस्तकातल्या शेवटासकट आणि स्वतःच्या शेवटासकट. धोंडू वजाबाकीत कुठे चुकतो ते सांगितलं. नदी कुठून येते आणि कुठे जाते ते सांगितलं. आपण वळलेले दोर ज्या बंदराला जातात, ते बंदर भिंतीवरच्या नकाशात बोट ठेवून दाखवलं. आबा त्या ठिपक्याजवळ डोळे नेऊन बघत राहिले. जन्मभर दोर वळून तिकडे पाठवले, पण बंदर त्यांनी आज पहिल्यांदा पाहिलं. त्यांना गलबलून आलं, आणि ते त्यांनी लपवलंही नाही.

"एवढं सारं हुतं व्हय तुझ्यापाशी?" ते म्हणाले.

"व्हय."

"मग बोलली का न्हाईस कधी?"

ठकू म्हणाली, "आबा, तुमी कधी इचारलंच न्हाई. का न्हाई इचारलं?"

जन्माच्या सवयीने आबांनी शेजारी पाहिलं, कुणी मोठं माणूस आपल्या वतीने उत्तर देतंय का ते. त्यांच्याहून मोठं तिथे कुणीच नव्हतं.

मग ते इतरांकडे वळले. "आता माझ्याकडं काय बघताय? इचारा की आपापल्या पोरांना!"

धोंडूच्या आईने बिचकत धोंडूला विचारलं, "काय रं लिव्हलंय त्या फळ्यावर?" आणि मग खोलीत एवढा गलका झाला, की गुरुजींनी पुन्हा कानांवर हात ठेवले. मात्र या वेळी त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

शाळा राहिली. बंदराचं कामही झालं. दिवसा मोठ्यांनी एकमेकांच्या दोरांची टोकं धरली, संध्याकाळी पोरांनी धरली. फक्त एक झालं. पीळ देता देता आबा, आणि त्यांचं बघून इतरही, मधेच विचारत, "आज काय शिकलीस गं?" आणि मोजणी हमखास चुके. त्या वर्षापासून त्या गावचे दोर कुठे घट्ट, कुठे थोडे सैल येऊ लागले. बंदरावरचे लोक बुचकळ्यात पडत, की एवढे जुने कारागीर आणि असं कसं? पण दोर काही तुटले नाहीत.

तात्पर्य इतकंच: शाळा शिकवते, पण घरी कुणी विचारलं नाही तर ते शिकलेलं मुलाच्या ओठांवरच राहतं. पोर घरात गप्प असेल तर त्याला काही येत नाही असं धरून चालू नका. तुम्ही शेवटचं त्याला कधी विचारलं, ते आधी आठवा.