बेलभंडार उचला, शास्त्रीबुवा

विश्वंभरशास्त्री राजेसाहेबांच्या दरबारी आले आणि न्यायाधीश त्र्यंबकपंतांच्या डोक्याला ताप झाला. सर्वांसाठी, सर्वकाळ खरं असं काही नसतंच, हा शास्त्रीबुवांचा सिद्धांत. राजेसाहेब त्यावर खूश, आणि चोर त्याहून खूश. भिवाची म्हैस दौलूने नेली, तर दौलू भर दरबारात म्हणाला, "ती त्याच्या दृष्टीने त्याची, माझ्या दृष्टीने माझी." त्यावर शास्त्रीबुवांनी मान डोलावली.

पंतांचं डोकं फिरलं. शपथेच्या बेलभंडाराचं तबक त्यांनी शास्त्रीबुवांपुढे आदळलं. "उचला बेलभंडार, आणि सांगा की तुमचा सिद्धांत सर्वांसाठी, सर्वकाळ खरा आहे."

शास्त्रीबुवांचा हात पुढे आला आणि अर्ध्यावरच थांबला.

"का हो? उचललात तर सर्वकाळ खरं असं एक तरी निघालं, आणि सिद्धांत बुडाला."

"मग नाही उचलत," शास्त्रीबुवा म्हणाले. "माझा सिद्धांतही कधीतरी खोटा ठरत असेल."

"तो खोटा ठरेल तेव्हा सर्वकाळ खरं असं काहीतरी असणारच. आणि जे सर्वकाळ खरं, ते आजही खरंच की."

शास्त्रीबुवा उपरण्याने घाम पुसू लागले. राजेसाहेब छताकडे बघत बसले.

पंतांनी तेच तबक दौलूपुढे धरलं. "आता तू बोल. म्हैस कुणाची?"

दौलूने एकदा शास्त्रीबुवांकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

"भिवाची," तो म्हणाला. "सर्वकाळ."