स्तंभावरची मोकळी जागा

पूर्वी शिलावती नगरात उग्रतेज राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व एका पाथरवटाच्या घरी जन्माला आले, आणि वयात येताच त्यांनी वडिलांची छिन्नी हातात घेतली.

एक मोठे युद्ध जिंकल्यावर राजाने भर चौकात स्तंभ उभारायचे ठरवले. त्यावर आपल्या सगळ्या पदव्या कोराव्यात, अशी त्याची आज्ञा होती. त्या नगरातल्या पाथरवटांचा एक जुना रिवाज होता. पदवी कोरण्याआधी तिचा साक्षीदार यायचा आणि राजासमोर ती आपल्या तोंडाने उच्चारायचा. मगच छिन्नी दगडाला लागायची. राजाला हा रिवाज भलताच आवडला. आपले कौतुक दोनदा ऐकायला कोणाला नको असते?

'रिपुदमन' या पदवीसाठी हरलेला एक सामंत आला आणि दातओठ खात का होईना, बोलून गेला. 'दानशूर' म्हणायला तर सकाळपासून रांग लागली. शेवटी एकच पदवी उरली, 'प्रजेचा पिता'. सगळेच राजे स्वतःला असे म्हणवून घेतात, तसे यालाही म्हणवून घ्यायचे होते.

बोधिसत्त्वांनी 'प्रजेचा' एवढे कोरले आणि हातोडा खाली ठेवला. "महाराज, पुढच्या शब्दाला साक्षीदार लेकरूच लागतं."

"सगळी प्रजा माझं लेकरूच आहे," राजा म्हणाला.

"प्रजा तुम्हाला महाराज म्हणते. बाबा म्हणू शकेल असा एकच आहे, आणि तो बंदिशाळेत आहे."

गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती, पण कोणी तिच्याविषयी ब्र काढत नसे. राजाला सोमिल नावाचा एकुलता एक मुलगा होता. त्याने बापाला कधी 'बाबा' म्हटले नव्हते, कारण तशी परवानगीच नव्हती. बोलायला लागल्यापासून त्यालाही 'महाराज'च म्हणावे लागे. पुढे मुलगा गुणी निघाला, लोक त्याला मान देऊ लागले, आणि बापाला ते बघवेना. त्यात एका ज्योतिषाने कान भरले, की हा तुमच्या हयातीतच सिंहासनावर बसेल. झाले, राजाने पोटच्या पोराला बेड्या घातल्या. त्याला तीन वर्षे होऊन गेली होती, आणि स्तंभ उभा राहिला की दुसऱ्या दिवशी त्याचा शिरच्छेद व्हायचा होता. आपलेच मूल आपल्याला शत्रू वाटावे, यापरते करंटेपण नाही. पण राजवाड्यांत ते पुष्कळ पिकत आले आहे.

राजाचा आवाज चढला. "हा शब्द कोरलास तर तुला एक गाव इनाम देईन. नाही कोरलास तर तुझा उजवा हात तोडीन."

"गाव मला नको," बोधिसत्त्व म्हणाले. "माझा हात तुमच्या हाती आहे. पण साक्ष नसलेला शब्द मी कोरणार नाही."

राजा हट्टाला पेटला. त्याने मुलाला बोलावून घेतले. तीन वर्षांनी उन्हात आलेला सोमिल डोळे चोळत उभा राहिला. बंदिशाळेचा म्हातारा रखवालदार तुंडिल त्याचा दंड धरून होता.

"मला बाबा म्हण," राजा म्हणाला. "एकदाच म्हण. मी तुला सोडून देतो."

जमलेला प्रत्येक जण मनातल्या मनात त्याला विनवत होता, अरे म्हण रे बाबा, म्हणून टाक एकदाचं.

"महाराज," सोमिल म्हणाला, "मागच्या हिवाळ्यात मला ताप चढला होता. मी तुम्हाला निरोप धाडला. तुम्ही आला नाहीत. या तुंडिलनं माझ्या कपाळावर ओल्या कापडाच्या घड्या ठेवल्या. ग्लानीत मी त्याला बाबा म्हटलं आणि त्यानं ओ दिली. आता सुटण्यासाठी तुम्हाला तसं म्हटलं, तर ते खोटं होईल."

राजाचा हात तलवारीकडे गेला. तेव्हा बोधिसत्त्व मधे येऊन उभे राहिले.

"महाराज, जरा थांबा. एका खोट्या शब्दानं याचा जीव वाचत होता. तोही यानं उच्चारला नाही. सिंहासन हवं असलेला माणूस आधी गोड बोलून सुटला असता. हा कपट करील, असं तुम्हाला अजून वाटतं का?"

राजा मुलाच्या पायांतल्या बेड्यांकडे बघत राहिला. त्याला लाज वाटली, आणि तसे वाटण्याची त्याला सवय नव्हती. मग त्याने त्या बेड्या काढायला लावल्या. पाथरवटाच्या हाताचा विषय पुन्हा निघाला नाही. स्तंभ मात्र तसाच उभा राहिला, 'प्रजेचा'च्या पुढे वीतभर जागा मोकळी ठेवून.

काही वर्षांनी राजाने आपण होऊन राज्य सोमिलच्या हवाली केले. ज्योतिषाचे म्हणणे खरे झाले, पण त्याने राजाचे काही बिघडले नाही. उलट त्याला झोप लागू लागली. सोमिलला उत्पला नावाची मुलगी झाली. म्हातारा झालेला राजा तिला खांद्यावर घेऊन चौकात फिरायचा, तिच्यासाठी घोडा व्हायचा, आणि ती सगळ्या बाजाराला ऐकू जाईल अशा आवाजात त्याला "आजोबा" म्हणून हाका मारायची.

एकदा म्हाताऱ्याने बोधिसत्त्वांना म्हटले, "पाथरवटा, आता तरी ती जागा भर की."

बोधिसत्त्वांनी सोमिलकडे पाहिले.

"ती जागा तशीच राहील. माझी साक्ष बदलत नाही," सोमिल म्हणाला. मग उत्पलेकडे बघून म्हणाला, "पण या पोरीची साक्ष तिची आहे. ती मी कशाला अडवू?"

तेव्हा बोधिसत्त्व स्तंभापाशी खाली बसले आणि उत्पलेच्या उंचीला त्यांनी 'आजोबा' हा शब्द कोरला. तो वाचायला म्हाताऱ्याला गुडघे टेकावे लागत, आणि तो रोज टेकत असे.

एवढे सांगून शास्ता, म्हणजे भगवान बुद्ध, थांबले. समोर एक वृद्ध भिक्षू बसला होता. गृहस्थ असताना त्याने मुलाला घराबाहेर काढले होते. तोच मुलगा आता संघात होता आणि त्याच्यापासून चार आसने दूर बसे. मुलगा वंदन करतो पण बाबा म्हणत नाही, अशी वृद्धाची तक्रार होती. शास्ता त्याला म्हणाले, "तेव्हाचा राजा तू होतास, सोमिल म्हणजे हा तुझा मुलगाच होता, आणि तुंडिल म्हणजे आजाऱ्यांची सेवा करणारा हा सुनेत्र. पाथरवट मीच होतो. जिवावर बेतले तरी सोमिलच्या जिभेने आणि माझ्या छिन्नीने जे सोडले नाही, ते सत्य होय."

वृद्ध उठला आणि मुलाच्या आसनाजवळचे रिकामे भांडे उचलून पाणी आणायला गेला.